टँकर ज्याचा त्याचा, की गल्लीचा मिळून?

एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एवढी वेळ आली नाही, तरी मराठवाड्यातल्या शहरांत उन्हाळ्यात टँकर सांगावाच लागतो.

एकट्याने सांगितला तर वेळ आपली, हिशेब आपला. पण 5,000 लिटर पाणी मावेल एवढा हौद हवा. 1,000 लिटरचीच टाकी असेल तर न उतरवलेल्या पाण्याचेही पैसे जातात.

गल्लीचा टँकर म्हणजे दहा घरं, प्रत्येकी 500 लिटर. इथं वाद होतो तो मापावरून. टँकर रिकामा होत जातो तसा धारेचा जोर घटतो; मिनिटं मोजून वाटलं की शेवटच्या घरावर अन्याय होतो. म्हणून 200 लिटरच्या ड्रमानेच मोजा, घरटी अडीच ड्रम. टँकर काठोकाठ भरून येईलच असं नाही, तेव्हा शेवटची पाळी दर खेपेला बदला. पैसे आदल्या दिवशी गोळा करून वहीत लिहा. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घागरी कोण भरून देणार, हेही तेव्हाच ठरवा. ऐन गर्दीत कुणाला सुचत नाही.

घरी लग्नकार्य असेल तर स्वतंत्र टँकर बरा. एरवी गल्लीचाच सांगावा.