दारव्ह्यातल्या खानावळीचा डबा, पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी

मी आणि हे दोघेही शाळेत नोकरीला. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना पार्किन्सन्स आहे आणि दिवसा ते घरी एकटेच. म्हणून बसस्टँडमागच्या खानावळीतून दोन्ही वेळचा डबा लावला. एका डब्याचे 70 रुपये.

दुपारी सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, घेऊनही मामाजींचे पाय उंबरठ्यापाशी अडकायचे. पुढचं पाऊलच उचलायचं नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी आधी जेवणाचं विचारलं. वाटीभर घट्ट तुरीचं वरण आणि त्यावर लगेच गोळी, असा क्रम होता. प्रथिनं आणि गोळीतलं लेव्होडोपा आतड्यात एकाच मार्गाने शोषले जातात, त्यामुळे औषध कमी पडतं, असं त्यांनी समजावलं. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि डाळ, बेसन, अंडी शक्यतो रात्री. प्रथिनं बंद करायची मात्र नाहीत, आधीच वजन उतरतंय. (सगळ्यांनाच हे लागू होत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.)

खानावळीच्या मावशींना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, वरण आता रातीच धाडतो." आणि खरंच धाडतात! दुपारी ज्वारीची मऊ भाकर, कोहळं नाहीतर दोडक्याची भाजी, भात, वर तूप. बद्धकोष्ठाचा त्रास म्हणून जवसाची चटणी रोज, तीही बारीक कुटलेली, कारण भरड राहिली की मामाजींना ठसका लागतो. डबा साडेबाराच्या ठोक्याला येतो, म्हणून बाराची गोळी चुकत नाही. आता दुपारी ते अंगणापर्यंत स्वतः जातात. कुठल्याही चवीपेक्षा मला याचं मोल जास्त.

तक्रारी आहेतच. पोळ्याच्या गडबडीत दुपारीच पातोडीचा रस्सा आला. मामाजींचा जीव की प्राण, पण सगळं बेसन! त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते खाटेवरून उठले नाहीत. रश्शाला तर्री अजूनही जास्त असते, सांगावं लागतं. डब्याची झाकणं इतकी घट्ट बसतात की थरथरत्या हाताने उघडत नाहीत. शेजारच्या काकू येऊन उघडून देतात. मावशींनी कडीचा डबा आणायचं कबूल केलंय.

रविवारी खानावळ बंद असते. डबा लावायचा असेल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर मावशी चुलीपुढून हलत नाहीत.