एक ब्रास म्हणून उतरलेली वाळू

सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करून परसात ओटा घालायचा, वर शहाबादी फरशी बसवायची, कडेनं टेकायला कट्टा काढायचा, असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी फरशी बघायला जाण्याआधी हे वाचावं. फरशीत सहसा कोण फसत नाही, ती डोळ्यांना दिसते. वाळू आणि सिमेंटमध्ये फसतात. आणि बेळगावच्या बाजूला आमच्यासारखे हौशी लोक जास्त फसतात, कारण गवंडी ठेवून काम करणाऱ्याशी दुकानदार जपून वागतो. गवंडी मूठभर वाळू हातात घेऊनच सांगतो काय आहे ते, आणि वर्षभर माल त्याच्याच शब्दावर जातो. आपण एकदा घेणार आणि परत कधी जाणार नाही, हे विकणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांतच कळतं.

आमचं घर वडगावात. मागं बारा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा, पावसाळ्यात नुसता चिखल. दसरा झाल्यावर काम काढलं. हिशेब साधा होता: खाली खडीचा कोबा, वर फरशी, एका बाजूला कट्टा. एक ब्रास (१०० घनफूट) एम सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणि दहा पोती सिमेंट. खानापूर रोडच्या बाजूला एका दुकानात बोलणं झालं. दर बाजारापेक्षा किंचित कमी सांगितला, म्हणजे संशय येईल इतका नाही. "बिल कशाला ओ, बिल केलं की रेट वाढतोय," असं म्हणून पॅडवर पेन्सिलीनं आकडा लिहून दिला.

माल सकाळी येणार होता, आला तो दिवेलागणीला. ट्रॅक्टर बोळात उभा, मागं दोन गाड्या अडकलेल्या, ड्रायव्हरची घाई: "लवकर सांगा, कुठं ओतू?" मागचा फाळका उघडला आणि पाच मिनिटांत सगळं खाली. पैसे त्यानंच आपल्या मोबाईलवरचा कोड दाखवून घेतले. कोडवर आलेलं नाव दुकानाचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मालकांचाच माणूस की ओ मी."

दुसऱ्या दिवशी शेजारचे आप्पा ढिगाजवळ आले. निवृत्त गवंडी, हाताला अजून चुन्याचा वास येतो की काय असं वाटावं असा माणूस. वाळू मुठीत दाबून सोडली, तळहात दाखवला. सगळा करडा पडलेला. "ही एम सँड न्हवं, डस्ट मिसळलीय," म्हणाले.

फरक असा. एम सँड म्हणजे दगड मुद्दाम वाळूच्या आकाराला फोडून, चाळून, बहुतेक ठिकाणी धुऊन काढलेला माल. डस्ट म्हणजे क्रशरवर खडी काढताना उरलेली भुकटी. ती स्वस्त असते, दिसायला तशीच, आणि ओली केली की नवख्या माणसाला ओळखूच येत नाही. पण भुकटी जास्त झाली की वाळू-सिमेंटच्या मसाल्याला पाणी जास्त लागतं आणि जास्त पाण्याचा कोबा कमजोर होतो, वाळताना तडकतो.

मी काचेची बाटली घेतली, तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. तीनेक तासांनी जाड वाळू तळाला आणि वर बारीक चिखलाचा थर. नदीच्या वाळूत हा थर आठ टक्क्यांच्या वर नको असं गवंडी लोक मानतात. एम सँडमध्ये थोडी भुकटी असतेच, तिचं माप वेगळं. तरी आमच्या बाटलीत तो थर वाळूच्या जवळजवळ निम्मा होता. यावर वाद घालायला काही उरत नाही.

मग माप. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ढीग शंकूसारखा पडला होता, तळाला आरपार दहा फूट, उंची अडीच फूट. शंकूचा हिशेब शाळेतला: त्रिज्येचा वर्ग, गुणिले उंची, गुणिले ३.१४, भागिले तीन. आला साधारण ६५ घनफूट. नंतर दुकानासमोर तीच ट्रॉली उभी दिसली तेव्हा टेप लावून आतून मोजली: नऊ फूट लांब, साडेपाच रुंद, दीड खोल. काठोकाठ भरली तरी ७४ घनफूट. मालकाचं उत्तर तयार होतं: "वरती ढीग असतोय ना!" वर सव्वीस घनफुटांचा ढीग लावून ते ट्रॅक्टर बोळाबोळातून आलं असेल तर रस्त्यावर वाळूची रांगोळी दिसली असती.

यातही एक पोटखेळ आहे आणि तो मला सगळ्यात हुशार वाटला. वाळू ओलसर असली की फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर तीच वाळू वीस-पंचवीस टक्के जास्त जागा खाते, बारीक असेल तर आणखी. म्हणजे आमचे ६५ घनफूट वाळल्यावर पन्नासाच्या आसपास. वाळू पाणी मारून आणतात ती धूळ उडू नये म्हणून, असं दुकानदार सांगतात. धूळही उडत नाही आणि मापही भरतं.

सिमेंटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती ओळखणं सोपं आहे. दहातल्या चार पोत्यांची तोंडं पुन्हा शिवलेली होती. दोऱ्याचा रंग वेगळा, जुन्या टाक्यांची भोकं शेजारीच मोकळी. पिठाच्या गिरणीत काट्यावर ठेवलं तर ५० किलोच्या पोत्यात चार किलो कमी. पोत्यावर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तो भाग नेमका पुसट. आत हात घातला तर गार लागायच्या जागी बोटांना खडे लागले, दाबूनही न फुटणारे. सिमेंट तीन महिने पडून राहिलं तर ताकद साधारण पाचव्या हिश्श्यानं उतरते असं धरतात, आणि आपल्याकडचा पावसाळा अंगावर काढलेलं पोतं असेल तर बोलायलाच नको. दसऱ्यानंतर बांधकामं सुरू होतात तेव्हा पावसाळ्यात उरलेला माल हौशी गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालतात, असा माझा तर्क आहे.

दुकानात गेलो तेव्हा पहिलं वाक्य, "माल उतरला की आमची जबाबदारी संपली." दुसरं, "पैसे आमच्या खात्यावर आलेच नाहीत." कोडचा खेळ तिथं कळला. मी मोबाईलवरचा व्यवहाराचा क्रमांक, ढिगाचे फोटो टेप लावून, गिरणीच्या काट्याचा फोटो, सगळं समोर ठेवलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर तिथंच उभा राहून लावला. कमी वजनासाठी वैधमापन खात्याकडे जाता येतं, आणि बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. हे मी त्याला आवाज न चढवता सांगितलं. चार पोती बदलून मिळाली, मूळ शिवण न उसवलेली. वाळूचं मात्र, "क्रशरवाल्यानं दिली तशी आम्ही दिली," यावर गाडी अडली ती अडलीच. बिल असतं तर पुढं गेलो असतो. नुसत्या पेन्सिलीच्या आकड्यावर आयोगात उभं राहणं जड जातं.

ती वाळू कोब्यात घातली नाही. मागच्या बाजूला खड्डा होता, भरावाला तिथं ओतली. कोब्यासाठी आप्पांच्या ओळखीनं दुसरीकडून मागवली. या वेळी ट्रॉली दारात आल्यावर मी आधी आत चढलो, टेप लावली, चार कोपऱ्यांतून आणि मधून मूठ मूठ वाळू काढून बघितली आणि मगच फाळका उघडू दिला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. वाजवू दिला. बिलावर "एम सँड" आणि घनफूट लिहून घेतले, पैसे दुकानाच्या नावाच्या कोडवर टाकले. हा ड्रायव्हर काही बोलला नाही. पहिल्यासारखी घाई त्यालाही नव्हती.