नशामुक्तीच्या उपचारांसाठी कलम 39 की 64-अ?

घरातला तरुण गांजा किंवा ब्राउन शुगरसह पकडला गेला आणि तो खरोखर व्यसनात अडकलेला असेल, तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात तुरुंगाऐवजी उपचारांच्या दोन वाटा आहेत. कलम 64-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यावर खटलाच चालत नाही. कलम 39 मध्ये न्यायालय आधी दोषी ठरवते आणि लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर उपचारांसाठी सोडते.

दोन्ही वाटा कलम 27 खालच्या सेवनाच्या गुन्ह्याला आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांनाच लागू होतात. अल्प म्हणजे गांजा 1 किलोपेक्षा कमी, चरस 100 ग्रॅमपेक्षा कमी, हेरॉइन 5 ग्रॅमपेक्षा कमी. यात भेसळीचे वजनही धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हीरा सिंग प्रकरणात ते स्पष्ट केले. ब्राउन शुगरची पुडी 6 ग्रॅमची भरली आणि आत हेरॉइन जेमतेम 1 ग्रॅम असले, तरी दोन्ही दारे बंद. त्यामुळे पंचनाम्यातले वजन आणि सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) नीट वाचल्याशिवाय कोणताही अर्ज करू नये.

कलम 39 ची बाजू कमकुवत नाही. त्यातल्या मुदती कायद्यानेच आखलेल्या आहेत. उपचारांचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात द्यायचा, आणि तो समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सुटका. 64-अ मध्ये अशी रेघ नाही. उपचार पूर्ण केले नाहीत तर संरक्षण काढून घेता येते, पण 'पूर्ण' म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. तारखांना कंटाळलेली कुटुंबे म्हणूनच गुन्हा कबूल करून 39 मागतात.

मला खटकते ते नेमके हेच. 39 मध्ये 'दोषी' हा निष्कर्ष आधी नोंदला जातो आणि उपचार उत्तम झाले तरी तो पुसला जात नाही. परिवीक्षा कायद्यात (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, म्हणजे प्रोबेशनचा कायदा) कलम 12 आहे. त्यामुळे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते. कलम 39 मध्ये तशी तरतूद नाही. नोकरीच्या अर्जात, पोलिस पडताळणीत, पासपोर्टच्या वेळी बावीस वर्षांच्या मुलाला हा शिक्का सोबत न्यावा लागतो. शिवाय उपचार अर्धवट सुटले तर 39 मध्ये उरते ती फक्त शिक्षा. 64-अ मध्ये संरक्षण गेले तर खटला पुढे चालतो, आणि पंच, वजन, नमुने यांवरचा बचाव हातात राहतो. म्हणून माझा कल पहिला अर्ज 64-अ खाली करण्याकडे आहे.

तो अर्ज फसतो बहुधा कागदांमुळे. रुग्णालय किंवा संस्था सरकारी, महापालिकेची किंवा त्यांनी मान्यता दिलेली हवी. खासगी नशामुक्ती केंद्र असेल तर पैसे भरण्याआधी मान्यतेच्या पत्राची प्रत मागून घ्या. कायद्यातली 'व्यसनाधीन' व्यक्ती म्हणजे त्या पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांच्या प्रमाणपत्रात पदार्थाचे नाव आणि अवलंबित्व दोन्ही लिहिलेले हवे. आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गांजासाठी एफ12.1 म्हणजे हानिकारक वापर, एफ12.2 म्हणजे अवलंबित्व. केसपेपरवर .1 असेल तर सरकारी वकील त्यावरच बोट ठेवतील. दारूचे निदान (एफ10) इथे उपयोगाचे नाही.

'स्वेच्छेने' हा शब्दही हलका नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 86 खाली रुग्णाने स्वतःच्या सहीने दाखल व्हावे. कलम 89 खाली नातेवाइकांच्या अर्जावरून झालेली भरती इथे लंगडी पडते. अर्जात व्यसन मान्य करावे, पण त्या दिवशीची जप्ती कबूल केल्यासारखे वाक्य लिहू नये.

'पूर्ण' या प्रश्नावर एक उपाय बऱ्यापैकी चालतो. सुरुवातीलाच डॉक्टरांकडून योजना लेखी घ्यावी: डिटॉक्सचे दिवस किती, दाखल किती काळ राहायचे, नंतर ओपीडीच्या भेटी किती. ती अर्जाला जोडली की पूर्तता तिच्यावरून मोजता येते. आठव्या दिवशी बरे वाटले म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतला, तर तोच कागद संरक्षण काढून घेण्याचे कारण ठरतो. मायामीत 1989 मध्ये सुरू झालेल्या ड्रग कोर्टात न्यायाधीश वरचेवर बोलावून प्रगती पाहतात. आपल्याकडे तशी देखरेख नसल्याने प्रत्येक भेटीची नोंद घरच्यांनीच जपावी लागते.

खटला निकालाच्या तोंडाशी आला असेल आणि पुरावा भक्कम असेल, तर मात्र 39 मागणेच शहाणपणाचे. आणि मुलगा अवलंबून नसेल, एखाद्या पार्टीत पहिल्यांदाच ओढताना सापडला असेल, तर दोन्ही कलमे त्याच्यासाठी नाहीत. तेव्हा आरोपपत्रातले कलम पाहा: कलम 33 मुळे प्रौढ आरोपीला परिवीक्षेचा लाभ कलम 26 आणि 27 च्या गुन्ह्यांतच मिळतो, गांजा जवळ बाळगण्याच्या कलम 20 मध्ये नाही.