साताऱ्याचा जुना रस्ता शोधताना: आधी नकाशा की आधी फोटो?

रजेचे चार दिवस हाताशी आहेत. ते नगर भूमापन कार्यालयात घालवायचे, की पेठेतल्या घराघरांतले अल्बम चाळण्यात? रस्त्याची रुंदी, त्याचं वळण, कुणाचा ओटा रुंदीकरणात गेला, हे हवं असेल तर नकाशा. मजले, पाट्या, दिव्याचे खांब, टांग्यांची जागा हवी असेल तर फोटो. दोन्ही हवं असेल तर आमचं मत सरळ आहे: पहिले दोन दिवस नकाशाला द्या.

मात्र नकलेचे पैसे भरण्याआधी प्रमाण विचारा. जुना गाव नकाशा बहुधा मैलाला ८ इंचांचा असतो, म्हणजे इंचाला ६६० फूट, ३३ फुटी साखळ्या २०. त्यावर ३० फुटी रस्ता मिलिमीटरभराच्या जरा वर भरतो. पाव मिलिमीटरची रेघच साडेसहा फूट खाते. शिवाय त्यात गावठाण बरेचदा कोरंच असतं. नगर भूमापनाच्या १:५०० शीटवर ९ मीटरचा रस्ता १८ मिलिमीटर दिसतो. पेठेतल्या रस्त्यासाठी हीच शीट मागा, सोबत दोन्ही बाजूंच्या सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरांच्या मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. क्षेत्र कमी झाल्याची नोंद आणि तिची तारीख तिथे सापडते. नोंद नाही म्हणून जागा गेलीच नाही, असं मात्र धरू नका. फेरफार राहून गेलेले असतात.

झेरॉक्स आखडते किंवा ताणली जाते. म्हणून प्रमाणपट्टी मोजून पाहा. क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या प्रणालीत, शीट आजच्या नकाशावर बसवताना निदान सहा खुणा घ्या, त्याही शीटच्या चारी कोपऱ्यांकडे पसरलेल्या: देऊळ, दगडी जोतं, आड. रस्त्याची कड खूण म्हणून घेतलीत, तर जे तपासायचं तेच गृहीत धरलंत.

आता फोटो. साताऱ्यात त्यांची एक खास अडचण आहे. वरचा रस्ता म्हणजे राजपथ आणि खालचा म्हणजे कर्मवीर पथ, दोन्ही साधारण पूर्व-पश्चिम, आणि अजिंक्यतारा दोन्हींच्या दक्षिणेला. रस्त्याच्या रेषेत काढलेल्या फोटोत किल्ला डावीकडे असेल तर कॅमेरा पश्चिमेकडे, राजवाड्याच्या अंगाला. उजवीकडे असेल तर पोवई नाक्याकडे. निगेटिव्ह उलटी छापली असेल, तर हे सगळं फिरतं! आधी पाटी वाचता येते का पाहा. पाटी नसेल तर बायकांचा पदर पाहा. बहुतेकींचा डाव्या खांद्यावर असतो. सावलीवर भिस्त ठेवू नका: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत साताऱ्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते.

साल ठरवायला ‘एमएच ११’ची नंबरप्लेट चांगली, ती दिसली की फोटो १९८९ किंवा त्यानंतरचा. सिनेमाचं पोस्टर एवढंच सांगतं की फोटो त्या चित्रपटाआधीचा नाही. अल्बममधला फोटो उचकटू नका, पण सुटा असेल तर पाठ जरूर पाहा. स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. स्कॅन ६०० डीपीआयला. मोबाइलने वरून तिरका टिपलात, तर भिंती कलतात आणि मोजमाप बिघडतं.

फोटोवरून रुंदी मोजायचा मोह आवरा. लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेला रस्ता अरुंद, गजबजलेला भासतो. त्याऐवजी फोटोत एकामागे एक आलेल्या दोन वस्तू धरा, समजा कळस आणि त्याच्या मागचा किल्ल्याचा बुरूज, आणि त्या तशाच जुळेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरका. अशा दोन जोड्या एकदम जुळल्या, की छायाचित्रकार उभा होता ती जागा मिळाली. ती शीटवर टिंबाने मांडा.