हॉग आयलंड बोआ ज्याच्याकडून घेतला तो ब्रीडर: साप मस्त, रेकॉर्ड त्याहून मस्त, जोडी मात्र बघून घ्या

ब्रीडरचं नाव देत नाही, माणूस एकटाच सगळं बघतो आणि त्याच्याकडे आधीच वेटिंग आहे.

आधी हे समजून घ्या की हॉग आयलंड म्हणून विकलं जाणारं सगळंच हॉग आयलंड नसतं. हे बोआ होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोरच्या कायोस कोचिनोस म्हणजेच हॉग आयलंड्स बेटांवरचे, इवलीशी बेटं, आणि पेट ट्रेडवाल्यांनी ७०-८० च्या दशकात तिथून इतके साप उचलले की बेटांवर ते दिसेनासे व्हायला लागले, मग १९९३ मध्ये बेटांना संरक्षण मिळालं. म्हणजे आज पाळणाऱ्यांकडे जे आहेत ते बहुतेक सगळे त्याच जुन्या सापांची पोरं-नातवंडं. त्यात मधल्या काळात लोकांनी मेनलँडच्या बोआबरोबर बिनधास्त क्रॉस केले, आणि फिका रंग, पीच शेपटी हे क्रॉसमध्येपण येतं, त्यामुळे नुसतं बघून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकदा लाईन, म्हणजे वंश, मिसळली की मिसळली.

म्हणून मी पैसे मोजले ते सापापेक्षा रेकॉर्डचे, आणि तिथे हा माणूस एक नंबर आहे. आई-बाप कुठल्या लाईनचे, आजी-आजोबा कोणाकडून आले, सगळं लिहून देतो. पिल्लाचं कार्ड वेगळं: कात कधी टाकली, काय खाल्लं, किती ग्रॅम, आणि खाल्लं नाही तेसुद्धा. एका ओळीत नुसतं ‘नको’ आणि पुढे ‘डोळे निळे’, म्हणजे कात यायची होती म्हणून खाल्लं नाही. असं लिहिणारा माणूस खोटं कार्ड बनवत नसतो असं माझं मत.

साप आला तेव्हा डब्यात ओलसर टिश्यू, अंगावर माईट (रक्त शोषणारे गोचिडासारखे बारीक जीव) नाहीत, पोट भरलेलं. लाईट बंद केल्यावर तासाभरात अंग असं फिकं पडतं की पहिल्यांदा बघणारा घाबरेल, सकाळी परत गडद, हे या बोआचं नॉर्मल आहे. गरम बाजू ३१-३२ डिग्री, थंड बाजू २६ च्या आसपास आणि थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचाच नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. पूर्ण वाढले तरी मेनलँडवाल्यांपेक्षा लहानच राहतात, त्यामुळे जागेचं टेन्शन कमी, पण अगदीच डब्यात कोंबू नका.

त्याच्याकडे सोलोमन बेटांचे ग्राउंड बोआपण होते, पिल्लं म्हणजे जाडसर दोरीचे तुकडे. मागितली तर सरळ नाही म्हणाला. ही पिल्लं निसर्गात पाली-सरडे नि बेडूक खातात, उंदराच्या पिंकीकडे (नुकतंच जन्मलेलं, केस न आलेलं पिल्लू) ढुंकूनही बघत नाहीत, पिंकीला पालीचा वास लावून लावून सवय करावी लागते, आणि ती सवय लागेपर्यंत तो विकत नाही. यासाठी वेगळे मार्क.

आता तक्रार. ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणून जी जोडी दाखवली ती एकाच वेताची सख्खी भावंडं! जिथे मुळातच मोजक्या सापांपासून सगळी पैदास झालीये तिथे हे पटत नाही, आणि विचारलं तर म्हणे बोआला चालतं. चालत असेलही, पण रेकॉर्ड एवढं जपायचं आणि जोडी अशी लावायची याला काय अर्थ आहे? मी एकच मादी घेतली. नर दुसऱ्या लाईनचा शोधतेय, घाई नाही कारण मादी तीन-चार वर्षांची होऊन अंगाने भरल्याशिवाय लावायची नाही, आणि हे बोआ अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लंच देतात, तर तेवढी पिल्लं खायला लागेपर्यंत ठेवायची सोय हवी.

मेसेजला उत्तर यायला कधीकधी आठवडा लागतो. पाचपैकी चार. अर्धा उशिरा उत्तर देतो म्हणून कापला, अर्धा त्या जोडीसाठी.