बीटल्सचा ‘रिव्हॉल्वर’ संच: आधी दुसरी सीडी लावा

संच हातात आला की पहिली सीडी बाजूला ठेवा. ‘रिव्हॉल्वर’ (१९६६) चा २०२२ साली पाच सीडींचा संच निघाला. त्यात पैसे वसूल होतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीवरच्या कच्च्या टेकमध्ये (टेक म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचा एकेक प्रयत्न). पुढच्या पॉपवाल्यांनी बीटल्सच्या चाली उचलल्या, त्याहून जास्त उचलली ती स्टुडिओतली कारागिरी, आणि ती इथे उघडी ठेवलेली सापडते.

‘रेन’चंच बघा. (गाणं मूळ अल्बमवर नव्हतं, त्याच दिवसांतल्या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं.) आधी टेक ५ येतो, बँडने वाजवला त्याच वेगात, चांगलाच पळणारा. लगेच तोच टेक, टेप हळू फिरवून. पट्टी उतरते, ड्रम जड होतो, झांजेचा नाद लांबतो. नुसतं संथ वाजवून हे साधत नाही, कारण तेव्हा लय बदलते, वाद्याचा आवाज तोच राहतो.

गाण्याचा आवाज जाड करायचा तर तीच ओळ पुन्हा गाऊन घेत. बँडमधल्या जॉन लेननला त्याचा कंटाळा. म्हणून अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या तंत्रज्ञ केन टाउनसेंडने एडीटी (आवाज आपोआप दुहेरी करायची युक्ती) काढली: आवाज दुसऱ्या टेप मशीनवर न्यायचा, काही मिलिसेकंद मागे ठेवायचा आणि त्या मशीनचा वेग किंचित हलता ठेवायचा. अंतर वाढलं तर प्रतिध्वनी कानाला कळतो. फारच कमी झालं तर आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. आजचे कोरस आणि डबलर हे आवाज जाड करणारे इफेक्ट याच कुळातले.

‘एलिनॉर रिग्बी’च्या टेक २ आधीचं बोलणं वगळू नका. निर्माता जॉर्ज मार्टिन आठ तंतुवादकांकडून आंदोलन (व्हायब्रॅटो, म्हणजे सूर किंचित हलवणं) घेऊन आणि न घेता वाजवून घेतो, बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला फारसा फरक कळत नाही! ‘लव्ह यू टू’चा टेक १ गिटारवर आहे, तयार गाण्यात सतार येते आणि तबला अनिल भागवत यांचा. त्यांचं नाव तेव्हा कव्हरवर छापलं होतं. शेवटी लय चढते तिथे हेडफोन लावा.

आता पहिली सीडी, म्हणजे नवं स्टिरिओ मिक्स (वेगवेगळे आवाज जुळवून केलेली मांडणी). ‘टॅक्समन’मध्ये गिटार, बास, ड्रम टेपच्या एकाच ट्रॅकवर (पट्ट्यावर) अडकले होते, म्हणून जुन्या स्टिरिओत सगळे एका कानात. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूच्या सॉफ्टवेअरने ते सुटे झाले आणि नवं मिक्स करणारे जाइल्स मार्टिन (जॉर्जचा मुलगा) व सॅम ओकेल यांनी बास-ड्रम मधोमध आणले. हेडफोनवर सुख आहे. पण जुन्या मिक्समध्ये सगळं एकमेकांवर आदळून जो रेटा यायचा, तो मला चौथ्या सीडीवरच्या मोनोतच (दोन्ही कानांत एकच आवाज) जास्त भेटतो.

दोन गोष्टी खटकतात. पाचव्या सीडीवर ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’च, एकदा स्टिरिओ, एकदा मोनो, म्हणजे चार ट्रॅकसाठी अख्खी तबकडी. आणि अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आवाज येणारं) मिक्स केलंय, पण संचात ब्लू-रे नाही, ते स्ट्रीमिंगवरच ऐकावं लागतं. शंभर पानांचं पुस्तक मात्र नीट वाचण्यासारखं आहे. नुसतं नवं मिक्स आणि निवडक टेक हवे असतील तर दोन सीडींची आवृत्ती घ्या. मोनो त्यात मिळणार नाही.