हॉलमधलं ट्रेनिंग की सॉर्टेक्सजवळचं?

जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्यांपुढे नवी माणसं घेतली की हाच प्रश्न: दोन दिवस हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून शिकवायचं, की जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली सॉर्टेक्सवर, म्हणजे डाळीतले खराब दाणे रंगावरून वेगळे काढणाऱ्या मशीनवर, उभं करायचं?

हॉलचा फायदा सरळ आहे. तीस जणांना एकदम, एकाच शब्दांत सांगून होतं. सुरक्षा, स्वच्छतेचे नियम यांना तेच बरं. शेवटी फॉर्म भरून घेतात आणि सगळे 'उत्तम'वर टिक करतात. त्यात दुपारच्या शेवभाजीचा वाटा किती, ते विचारू नका. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंगच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, कामातला बदल, परिणाम. आपला फॉर्म पहिल्याच पायरीवर बसून राहतो.

मशीनजवळ चौथी पायरी अक्षरशः हातात घेता येते. सॉर्टेक्सच्या रिजेक्टमधून, म्हणजे मशीनने बाहेर टाकलेल्या मालातून, मूठभर तूरडाळ काढा, पांढऱ्या कागदावर पसरा. काळ्या, डागी दाण्यांत चांगली डाळ किती गेली ते मोजा. ट्रेनिंगआधी मोजा, आठवड्याने मोजा, तीन महिन्यांनी पुन्हा. माल मात्र त्याच प्रतीचा हवा, नाहीतर श्रेय कुणाचं तेच कळत नाही.

खोट एकच: उस्तादाच्या खोडीही चेला उचलतो. चालू मशीनमध्ये हात घालायची सवय अशीच पसरते. म्हणून मी अर्धा दिवस हॉल आणि पुढचे पंधरा दिवस मशीन असं करेन. उस्ताद निवडतानाही हात कुणाचा झपाझप चालतो यापेक्षा समजावून कोण सांगतो ते बघेन.